चरखी दादरी: पंधरा हजाराचा आकडा नक्की कुठे हरवला?

उजळाईवाडीकर (धागाकर्ता)

मार्च २०२४ मध्ये आपल्या विमानतळाचं नवं टर्मिनल सुरू झालं, तेव्हापासून कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर विमानाचा विषय निघतोच. मग कधीतरी १९९६ चा चरखी दादरीचा विमान अपघातही निघतो, आणि दर वेळी चर्चा एकाच वाक्यावर संपते: "कझाक पायलटांना इंग्रजी कळत नव्हतं." मला हे वाक्य अपुरं वाटतं. का, ते मांडतो. जाणकारांनी दुरुस्त करावं.

१२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. सौदियाचं बोइंग ७४७ दिल्लीहून निघून वर चढत होतं. कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ शिमकेंतहून दिल्लीकडे उतरत होतं. त्या काळी दिल्लीच्या आसपासचा बराचसा आकाशभाग हवाई दलाकडे होता, त्यामुळे येणारी आणि जाणारी नागरी विमानं एकाच पट्ट्यातून समोरासमोर यायची. दोघांत फरक फक्त उंचीचा. सौदियाला १४ हजार फुटांपर्यंत परवानगी होती, कझाक विमानाला १५ हजारांपर्यंत. मध्ये हजार फूट. हरियाणातल्या चरखी दादरीच्या वर दोन्ही विमानं धडकली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरींमध्ये जगात आजही याहून मोठा अपघात नाही.

आता मुद्दा. कंट्रोलरने १५० सांगितलं, म्हणजे १५ हजार फूट. कझाक विमानाने १५० ला पोचल्याचं कळवलं. कंट्रोलरने पुन्हा सांगितलं, १५० वरच राहा, समोरून सौदियाचं ७४७ येतंय. त्याचं अंतर सांगितलं, त्याची उंची १४० हेही सांगितलं. कझाक विमानाने पोच दिली. म्हणजे रेडिओवरचं संभाषण कागदावर वाचलं तर आकडा व्यवस्थित पोचलेला आहे. तरीही विमान १५ हजारांच्या खाली उतरत राहिलं.

इल्युशिनमध्ये रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता, रेडिओ ऑपरेटर. विमान चालवणारे दोघे पुढे. कंट्रोलरशी बोलणं सगळं ऑपरेटरचं, आणि त्याच्या जागेवर त्याचं स्वतःचं उंची दाखवणारं यंत्र नव्हतं. पायलटांच्या खांद्यावरून वाकून बघायचं, तेव्हा उंची कळणार. १५० हा आकडा ज्याच्या कानात होता त्याच्या डोळ्यांसमोर काटा नव्हता, आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर काटा होता त्यांच्यापर्यंत तो आकडा पक्का पोचला होता असं दिसत नाही. अगदी शेवटच्या काही सेकंदांत ऑपरेटरच्या लक्षात आलं, त्याने १५० धरायला सांगितलं, आणि कॅप्टनने विमान वर खेचलं. त्या थोड्याशा चढण्यानेच त्याची शेपटी सौदियाच्या पंखाला भिडली. तसंच खाली राहिलं असतं तर कदाचित सौदियाच्या खालून निघून गेलं असतं. हे वाचलं की आजही जीव कासावीस होतो.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक चमूच्या इंग्रजीवर बोट ठेवलं होतं, ते बरोबरच आहे. पण मला वाटतं आकडा हरवला तो दिल्ली आणि विमानाच्या मधल्या हवेत हरवला नाही. तो कॉकपिटच्या आत, चार-पाच फुटांत हरवला. यावर बोलूया.

रंकाळा_सांज

लेख आवडला. एक शंका. कंट्रोलरसमोर रडार असतो ना? विमान १५ हजारांच्या खाली चाललंय हे त्याला दिसलं कसं नाही?

जुनाटॉवर

या प्रश्नाचं उत्तर मी देतो. नोकरी सगळी टॉवर आणि अ‍ॅप्रोच कंट्रोलमध्ये (उतरायला येणाऱ्या विमानांना वाट देणारा विभाग) गेली, आता कोल्हापुरात स्थायिक आहे.

तेव्हा दिल्लीच्या अ‍ॅप्रोचकडे प्रायमरी रडार होता. तो लाट सोडतो, विमानावर आपटून ती परत येते, पडद्यावर ठिपका दिसतो. ठिपका किती लांब आहे, कुठल्या दिशेला आहे, एवढंच कळतं. उंची कळत नाही. उंची हवी असेल तर विमानातल्या ट्रान्सपॉन्डरने ती पाठवावी लागते आणि खाली सेकंडरी रडार लागतो. तो त्या वेळी दिल्लीत बसवण्याचं काम चालू होतं, वापरात आला नव्हता. म्हणजे उंचीच्या बाबतीत कंट्रोलरकडे पायलटचा शब्द हाच एकमेव पुरावा. विमान म्हणालं १५० वर आहे, कागदाच्या पट्टीवर १५० लिहिलं गेलं. त्याने दोन्ही विमानांत हजार फूट ठेवले होते, नियमाप्रमाणे ठेवले होते, समोरच्या विमानाची सूचनाही दिली होती. चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही, आणि यायलाही नको होता.

त्या अपघातानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे केले, सेकंडरी रडार आला, आणि भारतात विमानांना टीकास, म्हणजे टक्कर टाळायला वर जा की खाली जा हे पायलटला सांगणारं विमानातलं यंत्र, बंधनकारक झालं. आज तुम्ही कोल्हापूरहून कुठेही उडा, या तिन्हींचा फायदा तुम्हाला मिळतो.

उजळाईवाडीकर, तुमच्या मांडणीशी सहमत आहे, त्यात एक भर घालतो. कंट्रोलरने जे १४० सांगितलं ते समोरच्या विमानाचं होतं. एकाच संभाषणात दोन उंच्या आल्या, एक तुमची, एक दुसऱ्याची. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे, जो दुसऱ्याने दिलेलं भाषांतर अर्ध्या कानाने ऐकतोय, त्याच्या डोक्यात शेवटचा ऐकलेला आकडा राहण्याचा धोका असतो. कझाक कॉकपिटमध्ये तसंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ट्रॅफिकची उंची सांगताना मी कायम जरा थांबून, वेगळ्या श्वासात सांगायचो. शिकाऊ मुलांनाही तेच शिकवलं.

फाउंड्रीवाला

आमच्या शिरोलीत बसून वाचतोय, लई भारी धागा. पण मला एक सांगा, आज मोबाइलवर पोरं लग्नाची पत्रिका पाठवतात, मग विमानाला उंची तोंडी कशाला सांगायची? मेसेज करा की. लिहिलेलं असलं की ऐकण्याची चूक होणारच न्हाई.

उजवीखुर्ची

मी एटीआरवर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) को-पायलट आहे, घर राजारामपुरीत. कंपनीचं नाव लिहीत नाही.

फाउंड्रीवाले दादा, मेसेजची सोय आहे. सीपीडीएलसी म्हणतात. समुद्रावर, जिथे आवाजी रेडिओ नीट पोचत नाही, तिथे ती वापरतात, आपल्या मुंबई-चेन्नईच्या सागरी भागातही आहे. बटण दाबून "करतो" असं उत्तर द्यायचं. वर, निवांत उडताना हे उत्तम. पण विमानतळाजवळ कंट्रोलर एकामागून एक विमानांना वळवत, थांबवत, उतरवत असतो. तिथे मेसेज लिहा, पाठवा, पायलटने मान खाली घालून वाचा, उत्तर द्या, एवढा वेळ कुणाकडेच नसतो. आणखी एक. आवाजी रेडिओवर बाकीची विमानंही ऐकत असतात. दुसऱ्याला दिलेली उंची माझ्याही कानावर पडते, माझ्यासमोर कोण आहे याचं चित्र डोक्यात तयार होतं. मेसेजमध्ये ते जातं.

आता मूळ विषयाबद्दल. कॉकपिटमध्ये आज हे कसं चालतं ते सांगतो, कारण चरखी दादरीचं उत्तर तिथेच आहे.

आम्ही दोघे. एक विमान चालवतो, दुसरा रेडिओ आणि देखरेख बघतो. दर उड्डाणाला भूमिका ठरतात, त्याचा कॅप्टन असण्या-नसण्याशी संबंध नाही. हेडफोन दोघांच्या कानात. म्हणजे कंट्रोलरचा शब्द दोघेही स्वतः ऐकतात, कुणी कुणाला सांगायची गरज नसते. कंट्रोलर म्हणाला, अमुक उंचीला उतरा. देखरेखवाला रेडिओवर तो आकडा परत म्हणतो. ऑटोपायलट चालू असेल तर विमान चालवणारा समोरच्या पॅनेलवरचा गोल खटका फिरवून तो आकडा त्या खटक्याजवळच्या छोट्या आकडे-खिडकीत आणतो. आणि मग हात मागे घ्यायचा नाही. बोट त्या खिडकीवर ठेवूनच तो आकडा तोंडाने म्हणायचा. दुसऱ्याने आपल्या कानाला आठवेल ते त्या खिडकीशी ताडून बघायचं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. दोघांचं जुळलं तरच बोट निघतं. ठरलेली उंची गाठायला हजार फूट उरले की पुन्हा एकदा मोठ्याने, "वन थाउजंड टू गो". बाहेरच्या माणसाला हे पोरखेळासारखं वाटेल, कारण रोज, प्रत्येक वेळी, चांगल्या हवेतही हेच करतो.

दोघांचं जुळलं नाही तर? मग कोण बरोबर यावर वाद घालायचाच नाही. लगेच कंट्रोलरला विचारायचं, पुन्हा सांगा. माझ्यापेक्षा दुप्पट अनुभव असलेला कॅप्टन शेजारी असला तरी विचारायचं.

उजळाईवाडीकर

उजवीखुर्ची, हे बोटाचं वर्णन वाचून खूप गोष्टी लागल्या. तुमच्या शेवटच्या वाक्यावरून १९ फेब्रुवारी १९८९ चा फ्लाइंग टायगरचा अपघात आठवला. मालवाहू ७४७, सिंगापूरहून क्वालालंपूरला. पहाट, ढगाळ हवा. कंट्रोलर म्हणाला, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." त्याला म्हणायचं होतं २४००. कॅप्टनने पहिला 'टू' हा आकडा न समजता 'पर्यंत' असा घेतला आणि उत्तर दिलं, "ओके, फोर झीरो झीरो." विमान ४०० फुटांच्या दिशेने उतरलं आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४३७ फुटांवर टेकडीला धडकलं. चौघेही गेले.

यात किती दारं उघडी होती बघा. कंट्रोलरने नियमाप्रमाणे "टू थाउजंड फोर हंड्रेड फीट" म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. कॅप्टनने चुकीचा आकडा परत म्हटला, तो कंट्रोलरच्या कानावरून गेला. नकाशात २४०० छापलेलं होतं. को-पायलटला तो अ‍ॅप्रोचच नकोसा होता, तसं तो बोललाही होता. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र ओरडत होतं.

आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे: आपल्या उजळाईवाडीच्या धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २ हजार फूट. इथे कुणी ४०० म्हटलं तर शिकाऊ पोरगाही दचकेल, कारण ते जमिनीच्या पोटात सोळाशे फूट आहे. क्वालालंपूरचा जुना विमानतळ मात्र समुद्रसपाटीपासून शंभर फुटांच्याही आत. तिथे ४०० हा आकडा ऐकायला शक्य वाटतो. घातक चूक नेहमी अशीच असते, शक्य वाटणारी.

रंकाळा_सांज

म्हणजे धावपट्टीवर उभ्या विमानाचा काटा आपल्याकडे २ हजार दाखवतो? मला वाटायचं जमिनीवर शून्य असेल.

उजवीखुर्ची

हो ताई, २ हजारच दाखवतो, आणि उड्डाणाआधी आम्ही तेच तपासतो. काटा खरं तर हवेचा दाब मोजतो, उंची त्यावरून काढतो. म्हणून टॉवर प्रत्येक विमानाला त्या वेळचा दाब सांगतो आणि आम्ही तो काट्यात भरतो. इथे आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे आणि युरोपात दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचात. वादळी हवेत दाब ९९२ असतो. अमेरिकेहून आलेला, थकलेला पायलट "नाइन नाइन टू" ऐकतो आणि सवयीने २९.९२ भरतो, कारण तो त्याचा रोजचा आकडा. पण २९.९२ इंच म्हणजे १०१३. फरक २१ हेक्टोपास्कलचा, म्हणजे सुमारे ६०० फूट. काटा दाखवतो त्यापेक्षा विमान ६०० फूट खाली. सगळ्यांनी उंची बरोबर ऐकली, बरोबर म्हटली, बरोबर लावली, तरी विमान भलतीकडेच. म्हणून दाबाचा आकडाही परत म्हणून दाखवणं सक्तीचं आहे.

पंचगंगाकाठ

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. तुम्ही सगळे कॉकपिट, खटका, बोट यात मूळ दुखणं झाकताय. चरखी दादरीच्या चमूला इंग्रजी नीट येत असतं तर ३४९ माणसं वाचली असती. कामाची भाषा येत नाही अशा माणसाला हवेत सोडणं हाच गुन्हा. बाकी सगळं नंतरचं.

जुनाटॉवर

पंचगंगाकाठ, तुमचा संताप योग्य आहे, आणि जगाने तो ऐकलाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने पायलट आणि कंट्रोलर दोघांसाठी इंग्रजीची सहा पायऱ्यांची परीक्षा आणली. निदान चौथी पायरी हवी, असा नियम २००८ पासून लागू झाला. मी स्वतः ती परीक्षा दिली आहे. ती हवीच होती.

पण भाषा एकच असेल तर गोंधळ होत नाही, हे अनुभवाला धरून नाही. ३१ जानेवारी २००१, जपान. दोन्ही विमानं जपान एअरलाइन्सची, पायलट जपानी, कंट्रोलर जपानी. एकाचा नंबर ९०७, दुसऱ्याचा ९५८. शिकाऊ कंट्रोलरला ९५८ ला खाली आणायचं होतं, तोंडातून निघालं ९०७. शेजारी देखरेख करणाऱ्या कंट्रोलरच्याही ते लक्षात आलं नाही. ९०७ खाली आलं, त्याच वेळी त्याच्या टीकासने वर जायला सांगितलं होतं. दोन्ही विमानांत मिळून साडेसहाशेच्या वर माणसं. एकमेकांना अगदी जवळून चुकवली. झटक्याने सुमारे शंभर जण जखमी झाले, पण सगळे जिवंत राहिले. तिथे कुणाच्या भाषेला दोष द्याल?

त्याच प्रश्नाने पुढच्याच वर्षी घात केला. १ जुलै २००२, जर्मनीतलं युबरलिंगन. रशियन टुपोलेव्हला टीकास म्हणत होतं वर जा, कंट्रोलर म्हणाला खाली जा. त्यांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या मालवाहू ७५७ ला टीकासने खालीच जायला सांगितलं होतं. ७१ जीव गेले, त्यात शाळकरी मुलं फार होती. त्या रात्री कंट्रोलर दोन जागांचं काम एकटा सांभाळत होता आणि फोनच्या लाइनीही दुरुस्तीसाठी बंद होत्या. टीकास आणि कंट्रोलर यांच्यात विरोध आला तर टीकासचंच ऐकायचं, हे नंतर नियमात निःसंदिग्ध करण्यात आलं.

मिरज_केबिन

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, कोल्हापूर-मिरज पट्ट्यातच बरीच वर्षं. विमानातलं मला कळत नाही, पण तुमचं "आकडा परत म्हणणं" वाचून आमचा प्रायव्हेट नंबर आठवला, तो सांगावासा वाटतो.

गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फाटकावर फोन करून गाडी येतेय म्हणून सांगतो. गेटमन फाटक बंद करतो, आणि नुसतं "बंद केलं" म्हणून भागत नाही. त्याच्याकडे छापील कागदावर आकड्यांची यादी असते, क्रम कसलाही नसलेली. त्यातला पुढचा आकडा तो मला देतो, मी रजिस्टरमध्ये लिहितो, तो आपल्या कागदावर खोडतो. एकदा दिलेला आकडा पुन्हा द्यायचा नाही. आकडा म्हणतानाही दोन प्रकारे म्हणायचा: पंचेचाळीस, चार पाच. फाटक खरोखर बंद करूनच नंबर द्यायचा, अशी शिस्त अंगात भिनवलेली असते.

माझा प्रश्न असा की, विमानात कंट्रोलरने सांगितलेलाच आकडा पायलट परत म्हणतो. म्हणजे माझंच वाक्य मला परत ऐकू येतं. त्यातून त्याने तसं केलं, हे कसं कळणार?

उजवीखुर्ची

काका, तुम्ही नेमकी दुखरी नस पकडलीत. परत म्हणण्याने आकडा तोंडापर्यंत आला एवढंच सिद्ध होतं. हातापर्यंत आला का, हे सिद्ध होत नाही. आम्ही दिवसभर इतके आकडे परत म्हणतो की तोंड आपोआप चालतं आणि मन पुढच्या कामात असतं. माणूस बिनचूक "१५०" म्हणतो आणि हात १४० लावतो, असं होऊ शकतं. त्यासाठीच ते खिडकीवरचं बोट. शिवाय आता काही ठिकाणच्या आधुनिक रडारवर पायलटने खिडकीत कुठला आकडा लावला आहे तेही कंट्रोलरला दिसतं. तुमचं फाटक खरंच बंद आहे का, हे त्याला आता तोंडी आकड्याशिवायही बघता येतं.

दुसरं, दहा आणि अकरा हजारांची जोडी आमच्यात कुप्रसिद्ध आहे. "वन झीरो थाउजंड" आणि "वन वन थाउजंड". पायलटांनी नासाकडे पाठवलेल्या गुप्त अहवालांत उंचीच्या गोंधळाची सगळ्यात जास्त वेळा आलेली जोडी हीच निघाली. एक तर ऐकायला सारखं. त्यात दहा हजारांवर आमची बरीच कामं एकदम येतात, वेग कमी करा, दिवे लावा, यादी वाचा. अपेक्षा दहाची असते, म्हणून अकरा ऐकूनही दहाच ऐकू येतं.

फाउंड्रीवाला

हे नासाकडं अहवाल म्हणजे काय? नासा तर रॉकेटवाली. आणि स्वतःची चूक कोण लिहून देईल? नोकरी जाईल की.

जुनाटॉवर

लिहून देतात, आणि त्यामागे एक अपघात आहे. तो या धाग्यात यायलाच हवा.

१ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं बोइंग ७२७, वादळी वाऱ्यामुळे वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे वळवलेलं. विमानतळ अजून ४० मैलांहून लांब असताना कंट्रोलर म्हणाला, अ‍ॅप्रोचसाठी परवानगी आहे. पायलटांनी अर्थ घेतला: परवानगी मिळाली म्हणजे वाटेत डोंगर नाही, आता १८०० फुटांवर उतरायला हरकत नाही. कंट्रोलरच्या मनात होतं: कुठे किती खाली यायचं ते पायलट नकाशा बघून ठरवतील. कॅप्टनने नकाशात ३४०० हा आकडा पाहिलाही होता, त्यावर कॉकपिटमध्ये बोलणंही झालं. पण "परवानगी मिळाली आहे ना" हा विचार जिंकला. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. इथे एकही आकडा कुणी चुकीचा ऐकला नव्हता. दोघांची भाषा इंग्रजी, शब्द तेच, फक्त त्या शब्दांमागे दोघांनी वेगळी जबाबदारी धरली होती.

आणि चौकशीत निघालं की साधारण सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं, युनायटेडचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून असंच खाली आलं होतं. ते थोडक्यात बचावलं. त्या चमूने आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या पायलटांना सावध केलं. पण टीडब्ल्यूएच्या पायलटांपर्यंत ते पोचण्याची कुठली वाटच नव्हती.

म्हणून १९७६ पासून अमेरिकेत गुप्त अहवालांची पद्धत सुरू झाली. शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे अहवाल गेले तर कुणी लिहिणार नाही, हे ओळखून काम नासाकडे दिलं. अहवालातलं नाव, कंपनी, सगळं पुसून फक्त गोष्ट ठेवली जाते आणि सगळ्यांना वाचायला मिळते. दहा-अकराची ती जोडी अशाच वाचनातून उघड झाली.

माझ्या सगळ्या नोकरीतला अनुभव सांगतो. जिथे वरिष्ठ "कोणी केलं" हे आधी विचारतात, तिथे खालून काहीच वर येत नाही. जिथे "काय झालं" हे आधी विचारतात, तिथे पोरं स्वतः येऊन सांगतात. आपल्याकडे हे बरंच सुधारलंय, पण मला अजून समाधान नाही.

पंचगंगाकाठ

जुनाटॉवर सर, टीडब्ल्यूएचं उदाहरण माहीत नव्हतं. इंग्रजीचा आग्रह मी सोडणार नाही, पण भाषा येत असूनही हे होतं, हे मान्य.

स्वाती_शाहूपुरी

सगळा धागा एका बैठकीत वाचला, वाचनखूण साठवली. माझा मुलगा कमर्शियल पायलट लायसन्सच्या तयारीत आहे. लेखी विषय झालेत, आता आरटीआरची परीक्षा आहे, रेडिओवर बोलण्याची. ती फार अवघड असते म्हणतात. तो घरात आरशासमोर उभा राहून सगळी वाक्यं घडाघडा म्हणतो, एकही अडखळत नाही. आधी मला त्याचं कौतुक वाटायचं. हे सगळं वाचून आता काळजी वाटते आहे. त्याने काय करावं?

उजवीखुर्ची

ताई, काळजी नको, वाक्यं पाठ असणं चांगलंच आहे. पण आरसा त्याला फक्त बोलायला शिकवेल, ऐकायला नाही. त्याला सांगा, कुणालातरी समोर बसवून वाचायला लाव आणि तू लिहून घे. उंची, दिशा, वेग, दाब, सगळं एका दमात. वाचणाऱ्याने मुद्दाम मध्येच दुसऱ्या विमानाची उंची घुसवावी. त्याने परत म्हणताना वाचणाऱ्याने एखादा आकडा तसाच चुकीचा सोडून द्यावा आणि बघावं, त्याच्या लक्षात येतं का. पंखा, टीव्ही चालू ठेवून करा, कारण एटीआरमध्ये शांतता नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथे शंका आली तिथे "से अगेन" म्हणायची सवय आत्तापासून लावा. शिकाऊ मुलं तिथेच कचरतात. परीक्षक काय म्हणेल, कंट्रोलर काय म्हणेल. अर्धवट ऐकलेल्याला नुसतं "रॉजर" म्हणून मोकळं व्हायचं नाही. रॉजर म्हणजे तुमचं बोलणं मिळालं एवढंच, उंचीच्या परवानगीला ते उत्तरच होत नाही.

जुनाटॉवर

आणि वाचायला माणूस हवा असेल तर मी आहे, स्वातीताई. माझा वेग खऱ्या कंट्रोलरचा आहे, घरच्यांसारखा दयामाया दाखवणारा नाही. त्याला रविवारी सकाळी पाठवा, पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो. सोबत पेन्सिल आणि कोरे कागद आणू दे. अजून कुणाची मुलं तयारी करत असतील तर तीही आली तरी चालतील. चार-पाच जण असले तर उलट बरं, एकच फ्रिक्वेन्सी धरून सगळ्यांना सारख्या नंबरांची विमानं देता येतील.

उजळाईवाडीकर

सर, मी पण येतो. परीक्षा नाही, पण दुसऱ्या विमानांची उत्तरं म्हणायला एक आवाज लागेलच.